व्हॉल्व्ह टेस्टर घ्यावा का, आणि घ्यावा तर कोणता?

गोदाकाठ
राम राम मंडळी. इथे जुन्या रेडिओंचा नाद असलेले बरेच दिसतात, म्हणून विचारतोय. मी सेलूचा, जिल्हा परभणी. एकेक करत घरात रेडिओंची अख्खी भिंत झाली आहे. मर्फी, फिलिप्स, बुश, एक नॅशनल एको, आणि मामांच्या शेतावरचा बॅटरीवर चालणारा सेट. कंडेन्सर बदलणं, डायलचा दोरा ओवणं, गँग आणि बँड स्विच साफ करणं एवढं मला येतं. घोडं अडतं ते व्हॉल्व्हपाशी, म्हणजे त्या काचेच्या तापणाऱ्या नळ्यांपाशी. आवाज बसला की व्हॉल्व्ह उतरला म्हणायचा की दुसरंच काही, ते कळत नाही. पूर्वी परभणीला नेऊन दाखवता यायचं. आता ते मेकॅनिक एक तर थकले, नाहीतर मोबाइलच्या काचा बदलतात.

नेटवर बघून बघून तीन गोष्टींवर आलोय. हीथकिटचा टीसी-३, अमेरिकन, त्यातल्या त्यात स्वस्त. दुसरा एव्हो सीटी१६०, ब्रिटिश लष्करातून निघालेला, सुटकेसच्या आकाराचा. सगळे त्याचंच नाव घेतात, पण किंमत, वर कुरिअर आणि कस्टम बघून हात आखडतो. तिसरा यूट्रेसर नावाचा किट, आपणच सोल्डर करायचा. यातला कोणता घेऊ? एकदाच घेऊन मोकळं व्हायचं आहे.

पैठणगेट
आधी लाइटचं बोला, मग टेस्टरचं. हीथकिट अमेरिकेचा, म्हणजे ११७ व्होल्ट आणि ६० सायकल. आपल्याकडे २३० आणि ५०. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेलच, आणि ६० सायकलसाठी गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर ५० वर जास्त तापतो. तासन् तास चालू ठेवायची वस्तू नाही ती.

शिवाय सेलूत संध्याकाळी शेतातल्या मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज किती राहतं? आमच्या गावी १८० पर्यंत उतरतं. टेस्टरमध्ये हीटरचे, म्हणजे व्हॉल्व्ह आतून तापवणाऱ्या तारेचे, ६.३ व्होल्ट लाइनवरूनच येतात. २३० च्या जागी १८० आले तर हीटरला पाचसुद्धा मिळत नाहीत. मग सगळेच व्हॉल्व्ह कमजोर दिसणार, आणि तुम्ही चांगला माल भंगारात घालणार. म्हणून ज्या टेस्टरवर लाइन सेट करायचं बटण आणि मीटरवर त्याची खूण नाही, तो फुकट मिळाला तरी नको. प्रत्येक व्हॉल्व्ह लावल्यावर ते पुन्हा जुळवायचं असतं.

नांदेडची_मास्तरीण
लाइनचा मुद्दा पटला. पण त्याच्याही आधी टेस्टर नेमकं काय मोजतो हे बघायला हवं, कारण टीसी-३ आणि सीटी१६० ही एका जातीची यंत्रं नाहीत.

टीसी-३ एमिशन टेस्टर आहे. व्हॉल्व्हमध्ये तापलेला कॅथोड इलेक्ट्रॉन सोडतो, प्लेट ते गोळा करते आणि मधला ग्रिड त्यांना कमी-जास्त करतो. तो प्लेट आणि सगळे ग्रिड एकत्र जोडतो, व्हॉल्व्हचा साधा डायोड (नुसता कॅथोड आणि प्लेट) करून टाकतो आणि कॅथोडमधून किती करंट निघतो ते दाखवतो. ग्रिड आपलं काम करतो की नाही हे तिथे तपासलंच जात नाही. बैलाचे दात बघून घ्यायचा आणि औताला जुंपून बघायचंच नाही, तसं ते आहे.

रेडिओत व्हॉल्व्हचं खरं काम वेगळं. ग्रिडवर एक व्होल्ट हलवला तर प्लेटचा करंट किती मिलिअँपिअर हलतो? यालाच म्युच्युअल कंडक्टन्स म्हणतात, मेकॅनिक लोक नुसतं 'जीएम' म्हणतात. ईएल ८४ हा स्पीकर चालवणारा आउटपुट व्हॉल्व्ह, त्याचा कंपनीने दिलेला आकडा ११.३ आहे, म्हणजे २५० व्होल्ट प्लेटला, उणे ७.३ व्होल्ट ग्रिडला, आणि करंट ४८ मिलिअँपिअर असताना. ६व्ही६ चा ४.१. अमेरिकन टेस्टरवर हेच ४१०० मायक्रोम्हो म्हणून दिसतं, घाबरू नका, हजाराने भागायचं. हिकॉक आणि लष्करी टीव्ही-७ हे टेस्टर जीएम मोजतात, पण त्यांचा आकडा डेटाशीटशी पडताळायचा नसतो, त्यांच्याच तक्त्यातल्या किमान आकड्याशी पडताळायचा असतो. सीटी१६० वर मात्र प्लेटचं, स्क्रीनचं (दुसऱ्या ग्रिडचं), ग्रिडचं व्होल्टेज आपण ठरवतो. म्हणून त्याला मान आहे.

खटपट्या
मॅडम +१. मी लातूरचा, यूट्रेसर वापरतो, तेव्हा त्याची बाजू मांडतो. नेदरलँड्समधल्या रोनाल्ड डेकर यांनी बनवलेला किट आहे. लॅपटॉपच्या १९ व्होल्टच्या अॅडॉप्टरवर चालतो. मोठा ट्रान्सफॉर्मर लागत नाही, कारण कंडेन्सर चार्ज करून क्षणभराच्या पल्समध्येच माप घेतलं जातं. ४०० व्होल्ट, २०० मिलिअँपिअरपर्यंत. व्होल्टेजनुसार करंट कसा बदलतो त्याचे पूर्ण वक्र कॉम्प्युटरवर निघतात. नवा ईएल ८४ आणि थकलेला ईएल ८४ एकावर एक ठेवून बघितले की दुसऱ्या कुठल्या यंत्रावर मन बसत नाही. आणि मोटारी सुरू झाल्या काय, बंद झाल्या काय, अॅडॉप्टरला फरक पडत नाही.

गोदाकाठ
खटपट्या भाऊ, हे तर भारीच वाटतंय. मग सगळे एव्हो एव्हो का करतात?

तारघर
वाचत होतो. सत्तरी ओलांडली आहे, टायपिंग हळू आहे, सांभाळून घ्या.

गोदाकाठ, तुमच्या तीनही पर्यायांत एक प्रश्न कोणी विचारलाच नाही. व्हॉल्व्हमध्ये गॅस झाला असेल तर कळणार कसं?

गॅस म्हणजे आतलं निर्वात पूर्ण राहिलेलं नाही. थोडे वायूचे कण उरले की त्यांचे आयन होतात, ते ग्रिडकडे जातात आणि ग्रिडमधून उलटा करंट वाहतो. अगदी थोडा, मायक्रोअँपिअरमध्ये. पण आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडला मोठा रेझिस्टन्स असतो. समजा ०.६८ मेगओहम आहे आणि ग्रिड करंट ५ मायक्रोअँपिअर. गुणाकार करा, ३.४ व्होल्ट. ईएल ८४ चा बायस, म्हणजे ग्रिडवरचं उणे व्होल्टेज, ७.३, त्यातला जवळजवळ निम्मा खाल्ला गेला. करंट वाढतो, व्हॉल्व्ह अजून तापतो, तापला की गॅस अजून वाढतो. अर्ध्या तासाने प्लेट लालबुंद. व्हॉल्व्ह तर जातोच, सोबत आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो, आणि तो आता कुठून आणणार?

आता गंमत बघा. हाच व्हॉल्व्ह एमिशन टेस्टरवर लावा. काटा मीटरच्या हिरव्या, 'चांगला' पट्ट्यात जाईल, कधी कधी नव्यापेक्षाही पुढे! कारण कॅथोड ठणठणीत आहे. खटपट्या, तुमच्या यंत्राचे वक्रही सुंदर येतील, कारण तुमचा पल्स क्षणाचा, व्हॉल्व्ह तापायला वेळच नाही, आणि ग्रिड करंट तुमचं यंत्र मोजत नाही. सीटी१६० मोजतो, त्याच्यावर गॅसची वेगळी जागा आहे. पण तिथेही व्हॉल्व्ह दहा मिनिटं तापू द्यावा लागतो. घाई केली तर तोही फसवतो.

खटपट्या
काका, बरोबर आहे. ग्रिड करंट यूट्रेसरवर दिसत नाही, आणि इलेक्ट्रोडमधला शॉर्टही मी आधी मल्टिमीटरने बघून घेतो. पण मग सीटी१६० परवडत नसेल त्याने काय करावं?

तारघर
रेडिओलाच टेस्टर करावं. आम्ही वर्षानुवर्षं तेच केलं. टेस्टर साहेबांच्या टेबलावर असायचा, आमच्या हातात मीटर.

एसीचा सेट घ्या, म्हणजे ज्याला मेन ट्रान्सफॉर्मर आहे असा. डिजिटल मीटर डीसीवर ठेवा, काळी पिन चेसीला, म्हणजे आतल्या पत्र्याच्या सांगाड्याला. ईएल ८४ च्या २ नंबरच्या पायावर लाल पिन. हा ग्रिड. इथे शून्य यायला हवं. सेट चालू करून वीस मिनिटं तसाच राहू द्या आणि मीटरकडे बघत बसा. शून्यच राहिलं तर उत्तम. हळूहळू एक, दीड, दोन व्होल्ट अधिक बाजूला चढू लागलं तर दोनच आरोपी आहेत. एक तर मागच्या व्हॉल्व्हच्या प्लेटकडून येणारा कपलिंग कंडेन्सर गळतोय, नाहीतर व्हॉल्व्हमध्ये गॅस आहे. निवाडा सोपा. व्हॉल्व्ह काढा आणि पुन्हा तिथेच मोजा. व्होल्टेज तसंच राहिलं तर कंडेन्सर. गेलं तर व्हॉल्व्ह. व्हॉल्व्ह काढलेला असताना सेट पंधरा-वीस सेकंदांच्या वर चालू ठेवू नका, एचटी (प्लेटला जाणारं मोठं व्होल्टेज) चढते आणि फिल्टरच्या कंडेन्सरवर ताण येतो.

मग ३ नंबरच्या पायावर मोजा, हा कॅथोड. त्याचा रेझिस्टन्स १३०-१५० ओहमच्या आसपास असतो आणि तिथे सातेक व्होल्ट हवेत. तीन-साडेतीनच आले, आणि एचटी व्यवस्थित असेल, तर व्हॉल्व्ह उतरला. दहाच्या वर गेले तर पुन्हा ग्रिडकडे जा. एवढ्यात आउटपुट व्हॉल्व्हचं जीएम सोडून सगळं कळलं.

हे सगळं पेपर कंडेन्सर बदलल्यानंतर करायचं, हे तुम्हाला सांगायला नको. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात मेणाचे कंडेन्सर वितळून चेसीवर ओघळलेले मी कित्येक पाहिलेत. व्हॉल्व्हच्या नावाने खडे फोडणाऱ्या दहापैकी बहुतेक सेटांत खरा चोर कंडेन्सरच निघतो.

वेरूळचा_वाटसरू
वाखु (वाचनखूण) साठवली आहे. काका, यावर एक वेगळा लेख येऊ द्या.

नांदेडची_मास्तरीण
काका, फारच छान. एक भर घालते. ही काढून बघण्याची युक्ती एसी-डीसी सेटवर, म्हणजे मेन ट्रान्सफॉर्मर नसलेल्या सेटवर, चालणार नाही. गोदाकाठ यांचा नॅशनल एको एसी-डीसी असेल तर त्यात यूसीएच ८१, यूबीएफ ८९, यूसीएल ८२, यूवाय ८५ अशी मंडळी असतील, १०० मिलिअँपिअरची, सगळ्यांचे हीटर एकाच माळेत. १९ अधिक १९ अधिक ५० अधिक ३८, म्हणजे १२६ व्होल्ट. उरलेले शंभरेक ड्रॉपर रेझिस्टन्सवर पडतात. एक व्हॉल्व्ह काढला की सगळे विझले.

आणि या सेटमध्ये चेसीला थेट लाइन येऊ शकते! सेट लाइनपासून वेगळा ठेवणाऱ्या आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय हात लावू नका, प्लीज. विद्यार्थ्यांना मी उघडी चेसी दाखवते तेव्हाही आधी टेस्टर स्क्रू ड्रायव्हर लावते.

यूट्रेसरबाबत हेही लक्षात घ्या की १९ व्होल्टच्या अॅडॉप्टरवरून ५० व्होल्टचा हीटर पेटणार नाही. वेगळी सोय करावी लागेल. अमेरिकन टेस्टर घेतला तर त्याच्या हीटर स्विचवर हे आकडे आहेत का ते आधी बघा.

पैठणगेट
आणि सॉकेट! हे राहिलंच. गोदाकाठ, तुमच्या फिलिप्समध्ये एखादा ईसीएच ४२, ईएएफ ४२, ईएल ४१ वाला आहे का? बगलेला काचेची गाठ असलेले, आठ पायांचे. त्याला रिमलॉक म्हणतात. अमेरिकन टेस्टरवर हा सॉकेट बहुधा नसतो. त्याहून जुना सेट असेल तर ईएल ३, ईसीएच ३ वगैरे बाजूला कंगोरे असलेले, त्यांचा सॉकेट तर अजून दुर्मीळ. विकणाऱ्याकडून टेस्टरच्या तोंडाचा स्पष्ट फोटो मागवा आणि घरातल्या व्हॉल्व्हशी जुळवा. अमेरिकन तक्त्यात आपले नंबर सापडत नाहीत म्हणून लोक गोंधळतात. ईएल ८४ म्हणजे ६बीक्यू५, ईसीएच ८१ म्हणजे ६एजे८, ईसीएल ८२ म्हणजे ६बीएम८, ईझेड ८० म्हणजे ६व्ही४. तक्ता नसलेला टेस्टर म्हणजे नुसतं लोखंड.

बालाघाट
आंबाजोगाईहून सांगायलोय. बॅटरी सेटचं कुणीच बोलंना गेलंय, आन् सगळ्यात लवकर मरत्यात ते तेच वाल, म्हंजी व्हॉल्व्ह.

आमच्याकडं लाइट यायच्या आधी ह्योच रेडिओ व्हता. एक मोठी पॅक बॅटरी, तिच्यात ९० व्होल्ट एचटीचे आन् दीड व्होल्ट फिलामेंटचे. आत १आर५, १टी४, १एस५, ३व्ही४. फिलामेंट १.४ व्होल्टचा, करंट ५० मिलिअँपिअर. डीके ९६, डीएफ ९६ ची जोडी असंल तर २५ च. केसावानी तार असती ती. टेस्टरचा स्विच ६.३ वर राहिला आन् ह्यातला वाल लावला, तर डोळ्यादेखत गेला समजा. ३व्ही४ ला तर फिलामेंटचे दोन भाग असत्यात, एकामागं एक जोडले तर २.८, शेजारी जोडले तर १.४. सेटमधी कसा जोडलाय ते बघूनच हात लावा.

लई जण अजून एक करत्यात. जुना काट्याचा मीटर, ओहमच्या एकपट रेंजवर ठेवायचा आन् फिलामेंट तपासायचा. त्यो मीटरच इतका करंट देतो की २५ मिलिअँपिअरची तार जाऊ शकती. डिजिटल मीटर वापरा. तार शाबूत असली की बास, बाकीचं सेटमधी लावून बघा. एमिशन टेस्टरवर असले वाल दाबून धरू नका.

गोदाकाठ
बापरे. मामांचा सेट सध्या कपाटातच ठेवतो. काका, तुमची पद्धत आज फिलिप्सवर करून बघतो. पण एक अडचण सांगायची राहिली. जिंतूरला एक जुनं रेडिओचं दुकान बंद झालं, त्यांच्या माळ्यावरची व्हॉल्व्हची पेटी मला मिळाली आहे. पेटीभर सुटे व्हॉल्व्ह. काही भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या डब्यात, काही वर्तमानपत्रात गुंडाळलेले, काहींवरचे नंबर अर्धे पुसलेले. एकेक सेटमध्ये लावून बघायचं म्हटलं तर जन्म जाईल.

पैठणगेट
अरे देवा! हे पहिल्याच पोस्टमध्ये सांगायचं की राव. अख्ख्या धाग्याची दिशा बदलली.

नंबर पुसले जाऊ नयेत म्हणून आधी एक करा. ओल्या फडक्याने किंवा स्पिरिटने एकही व्हॉल्व्ह पुसू नका. ती छपाई बोटाने सुद्धा जाते. मऊ ब्रशने धूळ झटका, बास. आणि काचेच्या आतला चांदीसारखा ठसा बघा. चांदीचा आहे तोवर ठीक. पांढराफटक झाला असेल तर हवा शिरली आहे, तो टेस्टरला लावायचीही गरज नाही.

डब्यावर जाऊ नका. मला एका विक्रेत्याने बंद डब्यातला 'नवा' ईसीएल ८२ दिला होता, पायांवर सॉकेटचे ओरखडे स्वच्छ दिसत होते. बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ पासून रेडिओचे व्हॉल्व्ह बनवले, माल चांगलाच होता, पण साठ वर्षांत त्या डब्यांत किती वेळा काय काय भरलं गेलं असेल कोण सांगणार.

तारघर
पेटीभर असतील तर टेस्टरचा विचार रास्त आहे. मात्र चाळायला एक आणि निवाड्याला दुसरं, असं धरा. शॉर्ट आणि तुटलेले हीटर वेगळे काढायला मीटर आणि एक साधा एमिशन टेस्टर पुरतो. हीटर तापलेला असताना काचेवर पेन्सिलने हलकी टिचकी मारायची, टेस्टरवरचा शॉर्टचा निऑन दिवा लुकलुकला तर तो व्हॉल्व्ह बाजूला. ज्यांचा काटा अगदी खाली राहतो तेही बाजूला. जे हिरव्यात येतात त्यांच्याबद्दल मात्र एवढंच म्हणायचं, की ते अजून मेलेले नाहीत.

हिरव्यातल्यांचं आयुष्य किती उरलं याची एक जुनी खूण आहे. हीटर ६.३ वरून दहाएक टक्के खाली, ५.७ वर आणा. चांगल्या कॅथोडवर काटा किंचित सरकतो. थकलेला असेल तर काटा बसतच जातो.

खटपट्या
यूट्रेसर नको असेल तर निवाड्याला घरचा जिग, म्हणजे तपासणीची पेटी, करता येईल. काका, बघा पटतं का. एक धडधाकट एसी सेट घ्यायचा, त्याची २५० व्होल्टची एचटी बाहेर काढायची, त्याचाच ६.३ हीटर. पत्र्याच्या पेटीवर नोव्हल (नऊ पायांचा) आणि ऑक्टल (आठ पायांचा) सॉकेट. ग्रिडला ९ व्होल्टच्या बॅटऱ्या आणि व्होल्टेज कमी-जास्त करायला एक पॉट. प्लेटमध्ये मिलिअँपिअर मीटर. ईएल ८४ उणे ७.३ वर आणा, करंट लिहा. ग्रिड अर्धा व्होल्ट वर, अर्धा व्होल्ट खाली करा. दोन आकड्यांतला फरक म्हणजेच जीएम. मॅडमनी सांगितलेले ११.३ समोर धरा, सात-आठच्या खाली गेला की आउटपुटला मी वापरत नाही.

तारघर
पटतं, पण तुमचा ईएल ८४ उघड्या जिगवर हमखास ऑसिलेट होईल, म्हणजे स्वतःच लहरी काढू लागेल, आणि मीटर काहीही दाखवेल. जीएम जास्त आहे त्याचं. सॉकेटच्या २ नंबरला चिकटूनच एक किलोओहमचा रेझिस्टन्स लावा, तारेच्या दुसऱ्या टोकाला नव्हे. ९ नंबरच्या स्क्रीनला १०० ओहम. आणि जिग वापरताना सेटचा स्वतःचा आउटपुट व्हॉल्व्ह काढून ठेवा. एसीचं डीसी करणाऱ्या रेक्टिफायरची, ईझेड ८० ची, मर्यादा ९० मिलिअँपिअर आहे, दोन-दोन ईएल ८४ त्याच्या अंगावर घालू नका.

गॅसही याच जिगवर बघता येईल. ग्रिडच्या वाटेत एक मेगओहमचा रेझिस्टन्स आणि त्याला समांतर स्विच. व्हॉल्व्ह दहा मिनिटं तापला की स्विच उघडा आणि प्लेट करंट बघा. हलला नाही तर स्वच्छ. वर चढला तर गॅस.

एक हात खिशात ठेवायचा हे लिहायला नको, तरी लिहितो. २५० व्होल्ट डीसी माफ करत नाही. बंद केल्यावर फिल्टर कंडेन्सर रेझिस्टन्सने रिकामा केल्याशिवाय बोट नाही.

नांदेडची_मास्तरीण
स्विच उघडून बघण्याची युक्ती किती साधी आहे! पुढच्या टर्मला प्रॅक्टिकलमध्ये घेते.

वेरूळचा_वाटसरू
अवांतर: माझ्या फिलिप्सचा हिरवा डोळा (स्टेशन नीट लागलं की दाखवणारा), ईएम ८४, मंद झालाय. त्याला कोणता टेस्टर?

पैठणगेट
कोणताच नाही. खोलीत अंधार करा आणि बघा. आतली पावडर झिजली की झिजली. गाणी ऐका.

बालाघाट
गोदाकाठ, ईसीएच ८१ चं बी ध्यानात ठेवा. टेस्टरवर झकास दाखवतो आन् सेटमधी बसवला की ऑसिलेटर, म्हंजी स्टेशन पकडायला सेटमधीच तयार व्हणारी लहर, उठतच नाही, खासकरून मिडियम वेव्हच्या खालच्या टोकाला. ते बघायला कसलं मशीन लागत नाही. सेट ५५८ वर लावा, मुंबईच्या 'ब' केंद्राच्या जागंवर. बाजूला एक छोटा ट्रान्झिस्टर ठेवा आन् त्याचा काटा १०१३ च्या आसपास फिरवा. ४५५ आयएफचा, म्हंजी ऑसिलेटर स्टेशनाच्या ४५५ नं वर चालतो असा सेट असंल तर तिथं ऑसिलेटरची कॅरिअर सापडंल, मोठ्या सेटचा काटा हलवला की ती बी हलंल. सापडली नाही तर ऑसिलेटर बंद हाय.

तारघर
बालाघाट, क्या बात है. आम्ही हेच करायचो.

गोदाकाठ, माझ्याकडे सीटी१६० आहे, चालू स्थितीत. विकायचा नाही, आधीच सांगतो, इथे चार जणांनी निरोप टाकलेत. पण पेटी चाळून झाली की उरलेले घेऊन जालन्याला या. सेलूहून गाडी थेट आहे. व्हॉल्व्ह अंड्यांच्या ट्रेमध्ये पाय खाली करून ठेवा, वर दुसरा ट्रे उपडा. चाळायला टेस्टर विकत घेऊ नका, माझा जुना एमिशन टेस्टर माळ्यावर आहे, तो तुम्ही न्या. त्याला स्टेप-डाउन लागेल, तेवढा तुम्ही बघा.

गोदाकाठ
काका, पाया पडतो. स्टेप-डाउन बघतो, गाडी बघतो.

गोदाकाठ
उशिरा लिहितोय. जालन्याला जाऊन आलो. काकांनी जेवू घातल्याशिवाय पेटी उघडूच दिली नाही.

काकांच्या जुन्या टेस्टरवर आधी घरी चाळणी केली होती. फुटलेले, पांढरे झालेले, हीटर तुटलेले, शॉर्ट असलेले सगळे बाजूला. उरलेले हिरव्यात येणारे तेवढेच नेले. सीटी१६० वर ईबीएफ ८९ आणि ईएबीसी ८० जवळजवळ सगळे पास, कित्येक नव्यासारखे. मार बसलाय तो आउटपुट आणि रेक्टिफायरना, जे तापतात आणि करंट ओढतात. ईएल ८४ मध्ये तर दोन सरळ तट पडले. काहींचं जीएम निम्म्यावर आलेलं, हे घरच्या टेस्टरवरही पिवळ्याच्या काठाला होते. दोन मात्र घरी सगळ्यात जोरात हिरवे दाखवत होते, एक तर भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या कोऱ्या डब्यातला. काकांनी दहा मिनिटं तापू दिला, गॅसवर फिरवला आणि काटा उचलून सरळ वर गेला. मी तोच व्हॉल्व्ह मर्फीसाठी राखून ठेवला होता.

विकत काही घेत नाही. खटपट्या, तुमच्या जिगसाठी पत्र्याची पेटी आणली आहे, काकांनी सॉकेटवरच्या एक किलोओहमची जागा पेन्सिलने खूण करून दिली. एक विचारायचं आहे. रिमलॉकचा सॉकेट कुठे मिळेल? ईएल ४१ चांगले निघालेत, पण जिगवर बसवायला काही नाही.

पैठणगेट
नवीन मिळणं कठीण. भंगारातला एखादा फुटक्या कॅबिनेटचा फिलिप्स बघा आणि त्याच्या चेसीतून काढा. हैदराबादला जाणार असाल तर कोटीतल्या गुजराती गल्लीत विचारा. काढताना रिव्हेट ड्रिलने हळू काढा, बेकलाइट तडकतं.